वीस हजार कोटी अणुभट्ट्यांना, मग विद्यापीठांना किती?

गणेशखिंडकर (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात एका जुन्या मित्राच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. पुण्यातलंच कॉलेज, नाव घेत नाही, त्याला अजून सहा वर्षं तिथेच नोकरी करायची आहे. कोपऱ्यात एक पिंप, त्याच्या डोक्यावर नळकांड्यासारखं काहीतरी, आणि सगळ्यावर घरची जुनी चादर. निळ्या फुलांची. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "जर्मेनियम डिटेक्टर. गॅमा किरणांची ऊर्जा इतक्या बारकाईने मोजणारं दुसरं काही नाही आमच्याकडे."

मग चादर कशाला? तर डिटेक्टर आला केंद्राच्या तीन वर्षांच्या प्रकल्पातून. तो चालायला खालच्या पिंपात तीस लिटर द्रव नायट्रोजन लागतो, आणि आठवड्याला पुन्हा भरावा लागतो. प्रकल्प संपला तसं कन्झ्युमेबल्सचं, म्हणजे वापरून संपणाऱ्या मालाच्या खर्चाचं, हेड बंद झालं. कॉलेज म्हणालं, विभागाने बघा. विभागाच्या वार्षिक अनुदानात खडू आणि प्रिंटरची शाई बसते. गेली दोन वर्षं लाखो रुपयांचं यंत्र चादर पांघरून झोपलं आहे आणि पोरं एमएस्सीला अजून जीएम काउंटरचा (किरण नुसते मोजणाऱ्या साध्या यंत्राचा) प्लॅटो काढतायत, जो मीही काढला होता, बहुतेक त्याच काउंटरवर.

आता दुसरी बाजू. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अणुऊर्जा मिशन जाहीर झालं. छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनाला २०,००० कोटी, २०३३ पर्यंत अशा किमान पाच देशी भट्ट्या चालू करायच्या, २०४७ पर्यंत १०० गिगावॅट. आज आपण नऊ हजार मेगावॅटच्या आसपास आहोत, म्हणजे अकरापट उडी. पैशाला माझी हरकत नाही. पण तो जाणार ट्रॉम्बेला आणि कल्पाक्कमला, अणुऊर्जा विभागाच्या संशोधन केंद्रांत, फाटकाच्या आत. भारतातल्या एकाही विद्यापीठाकडे स्वतःची संशोधन अणुभट्टी नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या राज्य विद्यापीठात ती १९५३ मध्ये सुरू झाली, एमआयटीच्या आवारात १९५८ पासून आहे.

अमेरिकेचा ऊर्जा विभाग अणुऊर्जा संशोधनाच्या निधीतला २० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा विद्यापीठांसाठी ठेवतो, २००९ पासून. आपल्याकडेही मिशनमधला ठरावीक हिस्सा विद्यापीठांसाठी काढून ठेवावा, आणि तो दहा वर्षांच्या हमीने द्यावा. तीन वर्षांच्या पैशात फक्त चादरी विकत घ्याव्या लागतात.

मतं मांडा. भांडलात तरी चालेल.

अणुशक्तीनगर_ते_कोथरूड

भांडतो. तेहतीस वर्षं ट्रॉम्बेला काढली, तेव्हा पूर्वग्रह गृहीत धरा.

आधी तुमच्या मित्राच्या डिटेक्टरबद्दल. नायट्रोजन संपला म्हणून जर्मेनियम मरत नाही. हाय व्होल्टेज चालू असताना तापला तर प्रीअँपचा एफईटी (सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटातला नाजूक ट्रान्झिस्टर) जातो, ते वेगळं. व्होल्टेज बंद करून ठेवला असेल तर व्हॅक्यूम तपासा, पुन्हा थंड करा, बहुतेक उठेल. दोन वर्षं हात न लावणं हा पैशाचा प्रश्न कमी आणि कंटाळ्याचा जास्त.

आता मुद्दा. भाभांनी ट्रॉम्बेची प्रशिक्षण शाळा १९५७ मध्ये काढली. अप्सरा भट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, त्याच्या पुढच्याच वर्षी. मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल, फिजिक्सची पोरं घ्यायची, वर्षभर रगडायचं आणि भट्टीजवळ उभं करायचं. माझ्या बॅचमध्ये पुण्याचे सात जण होते, पैकी एकानेही आधी 'न्यूक्लिअर' हा विषय शिकलेला नव्हता. देशाचा कार्यक्रम याच पद्धतीने चालला, बाहेरच्या देशांची बंदी होती तेव्हाही. २००५ पासून होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहे, पीएचडीची सोयही आतच झाली. जे चालतंय ते वीस ठिकाणी पुन्हा उभारायचा खर्च कशासाठी?

आणि विद्यापीठांच्या हाती किरणोत्सारी स्रोत द्यायचे म्हणता, तर मायापुरी आठवा. २०१०. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं कोबाल्ट-६० चं गॅमा यंत्र, कॅनडातून आणलेलं, १९८५ पासून वापरात नाही. फेब्रुवारीत भंगार म्हणून लिलावात काढलं. मायापुरीच्या भंगारवाल्यांनी ते फोडलं, कोबाल्टच्या पेन्सिली सुट्या झाल्या. एक माणूस गेला, बरेच भाजले. घेताना पैसा होता. सांभाळायला माणूस नव्हता आणि आत काय आहे हे ठाऊक असणारे निवृत्त झाले होते.

थीसिस_चालू_आहे

काका, मायापुरीचं उदाहरण तुम्ही तुमच्या बाजूने दिलंत, पण ते तर धागाकर्त्याच्या बाजूचं आहे! यंत्राला एकरकमी पैसा आणि देखभालीला शून्य, त्यातूनच ते झालं. विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याचं कायम पद असतं, त्याचा पगार दरवर्षी आला असता, तर लिलावाच्या यादीवर कुणीतरी बोट ठेवलं असतं.

मी सध्या पुण्यात पीएचडी करतेय, विकिरणाचा पॉलिमरवर होणारा परिणाम. आतली गंमत सांगते. फेलोशिप कागदावर ३७,००० रुपये आहे, २०२३ पासून. यायची तेव्हा येते, एकदम पाच-सहा महिन्यांची. मधल्या काळात घरमालक, मेस आणि आई. यूसी (पैसे वापरल्याचं प्रमाणपत्र) गेलं नाही म्हणून पुढचा हप्ता नाही, ऑडिटरची सही नाही म्हणून यूसी नाही, ऑडिटर मार्च एंडमध्ये अडकलेला. मग ३१ मार्चला अचानक पैसे येतात आणि संध्याकाळपर्यंत खर्च करा म्हणतात. माझ्या टेबलाखाली अशा मार्चमध्ये घेतलेले ग्लोव्हजचे अकरा खोके आहेत. साइझ लार्ज. माझा हात स्मॉल.

आणखी एक. आमच्या गाईडचा प्रकल्प मंजूर झाला तेव्हा सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांना उपकरणांवर ५ टक्के जीएसटी होता. जुलै २०२२ मध्ये ती सवलत गेली, १८ टक्के लागला. मंजूर रक्कम तीच. डिटेक्टर घेतला, पण त्याचे सिग्नल ऊर्जेनुसार मोजणारा मल्टिचॅनल ॲनलायझर राहिला. म्हणजे गाडी आहे, स्टिअरिंग नाही. एका हाताने ग्रँट द्यायची, दुसऱ्या हाताने कर घ्यायचा आणि तिसऱ्या हाताने विचारायचं की पेपर किती.

पंपवाला

मी कारखान्यातला माणूस, पेपर-बिपर नाही. अणुवीज केंद्रांसाठीचं काम पुण्याच्या आसपास बरंच होतं. वालचंदनगरला भट्टीचे अवजड भाग वर्षानुवर्षं बनतात. पंपांचं तर आम्ही करतोच.

खरं सांगू? मला न्यूक्लिअर इंजिनिअर नको असतो. मला हवा असतो वेल्डचा रेडिओग्राफ वाचणारा, ट्रेसेबिलिटीचा कागद म्हणजे काय हे कळणारा, 'चलता है' न म्हणणारा. नटाला हीट नंबर (धातू कुठल्या ओतीतला त्याचा क्रमांक) का असतो हे ज्याला समजलं तो माझा. बी.टेक. न्यूक्लिअर करून आलेल्या मुलाला मी काय देऊ? आजवर या पोरांना मालक एकच, सरकार. तिथे जागा निघतात किती? सरकारने विद्यापीठांना पैसे देऊन वर्षाला हजार मुलं काढली तर आठशे आयटीत जातील. हिंजवडीची बस भरेल, बाकी काय.

गणेशखिंडकर (धागाकर्ता)

@पंपवाला, मालक एकच हे २०२५ पर्यंत खरं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये शांती कायदा झाला, १९६२ चा अणुऊर्जा कायदा गेला, खासगी कंपन्यांना दार उघडलं. आता त्यांना माणसं लागतील आणि ट्रॉम्बेची शाळा आधी ट्रॉम्बेला पुरवणार. उरलेल्यांनी कुठे जायचं? तुमचा रेडिओग्राफ वाचणारा तरी कुठल्या प्रयोगशाळेत तयार होईल?

@अणुशक्तीनगर काका, पैसा थांबला की काय होतं ते अमेरिकेतच बघा. १९९८ च्या आर्थिक वर्षात त्यांच्या ऊर्जा विभागाचा अणुऊर्जा संशोधनाचा निधी शून्यावर आला होता. विभाग ओस पडले, अभ्यासक्रम दुसऱ्या विभागांत विलीन झाले. कॉर्नेलची भट्टी २००२ ला बंद, मिशिगनची २००३ ला. ब्रिटनमधली विद्यापीठांची शेवटची भट्टी, इम्पिरियल कॉलेजची, २०१२ ला गेली. आता दोन्ही देश अणुभट्ट्या बांधायच्या म्हणतात आणि माणसं शोधत फिरतात. दहा वर्षं पैसा थांबला तर परत दहा वर्षांत उभं राहत नाही, कारण शिकवणारेच निवृत्त झालेले असतात.

अणुशक्तीनगर_ते_कोथरूड

बरोबर. अमेरिकेत विद्यापीठांच्या साठाहून जास्त भट्ट्या होत्या, आता पंचवीसच्या आसपास. हेच मी म्हणतोय! विद्यापीठाची भट्टी राजकारण्याच्या मूडवर चालते. ट्रॉम्बेची शाळा एक वर्षही बंद पडली नाही, कारण ती खात्याच्या स्वतःच्या खर्चात आहे, कुणाच्या प्रस्तावावर अवलंबून नाही. तुम्ही मला माझ्याच बाजूचा पुरावा आणून दिलात, आभारी आहे.

पाषाण_युगातला

हा वाद नवा नाही हो. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा आणि होमी भाभा यांच्यात हेच झालं होतं. साहांचं म्हणणं, अणुसंशोधन विद्यापीठांत वाढू द्या, गुप्ततेच्या पडद्याआड नको. ते १९५२ ला लोकसभेवर निवडून गेले आणि १९५४ च्या मे महिन्यात अणुऊर्जेवर चर्चा झाली तेव्हा हेच बोलले. भाभांना एकवटलेली ताकद हवी होती, नेहरू त्यांच्या बाजूने होते, निकाल तिथेच लागला. साहांकडे कलकत्त्याची संस्था राहिली, भाभांकडे ट्रॉम्बे.

भाभा चुकले असं म्हणवत नाही. त्या काळच्या विद्यापीठांत साधी व्हॅक्यूम पंपाची दुरुस्ती होत नव्हती. पण परिणाम काय झाला, तर चांगला माणूस विद्यापीठातून उचलायचा, संस्थेत न्यायचा, आणि पन्नास वर्षांनी म्हणायचं विद्यापीठांत दम नाही. विहिरीतलं पाणी उपसून नेणाराच विहीर कोरडी म्हणून नावं ठेवतो.

पुण्यातल्या केंद्राच्या संशोधन संस्थाच बघा. पाषाण रोडवर एनसीएल १९५० पासून, आता आयसर, विद्यापीठाच्या आवारात आयुका. सगळं उत्तम. पण राज्याच्या पैशावर चालणाऱ्या विभागांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरच्या पोरी-पोरांवर गाडा. प्रकल्प कुणाच्या नावावर मागायचा? तासिकावाल्याला मुख्य संशोधक होता येत नाही.

थीसिस_चालू_आहे

+१. तासिकावाल्या आमच्या मॅडम जूनमध्ये असतील की नाही हे त्यांनाच माहीत नसतं.

झेलमने_दिल्ली

मला मधला रस्ता दिसतो, कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

प्रत्येक विद्यापीठाला भट्टी कशाला? दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक (कणांना वेग देणारं यंत्र) केंद्र बघा. १९८४ मध्ये स्थापन झालं, यूजीसीच्या पैशाने. कुठल्याही विद्यापीठातल्या पोराने प्रस्ताव पाठवायचा, पसंत पडला तर बीम टाइम, म्हणजे यंत्र वापरायची वेळ, मिळतो. मी स्वतः एमएस्सीनंतर पुण्याहून झेलमने गेलोय, सॅम्पल आईच्या मसाल्याच्या डब्यात, प्रत्येक खणात एक, वर टिश्यू. टीसीने डबा उघडायला लावला आणि बटणाएवढ्या काळ्या चकत्या बघून म्हणाला, "यह खाते हैं?" आठ-आठ तासांच्या शिफ्ट, रात्री तीनला कंट्रोल रूममध्ये चहा, शेजारी मणिपूरचा मुलगा आणि धारवाडची मुलगी. त्या चार दिवसांत जे शिकलो ते दोन वर्षांच्या वर्गात नाही शिकलो.

आणि इथल्या इथेही झालंय की. पुणे विद्यापीठाच्या फिजिक्स विभागातला ६ एमईव्हीचा रेसट्रॅक मायक्रोट्रॉन (छोटा इलेक्ट्रॉन-त्वरक) आणि १४ एमईव्ही न्यूट्रॉनचं जनरेटर, यांच्या जोरावर किती प्रबंध झाले ते ग्रंथालयात जाऊन बघा. ती यंत्रं जागतिक दर्जाच्या मानाने लहानच. पण जवळ होती, पोराला हात लावता येत होता.

म्हणून पश्चिम महाराष्ट्राला एक सामायिक केंद्र द्या. कोल्हापूर, सोलापूर, सांगली, नगर, नाशिकची पोरं येऊ देत.

पंपवाला

सामायिक म्हटलं की माझ्या सोसायटीची लिफ्ट आठवते. सगळ्यांची असते, दुरुस्तीला कुणाचीच नसते.

माडबनची_माहेरवाशीण

सगळे पैसा किती आणि कुणाला यावर बोलताय. मला विचारायचंय, पैसा कुणाच्या हातून?

माहेर माडबनजवळ. जैतापूर अणुवीज प्रकल्पाचा करार २०१० ला झाला तेव्हा मी पुण्यात नुकती नोकरीला लागले होते. गावात प्रश्न दोनच. भट्टीतून येणारं गरम पाणी खाडीत-समुद्रात सोडल्यावर मासळीचं काय होईल, आणि भूकंपाचं काय. वडील म्हणाले, "तू शिकलेली आहेस ना, पुण्यात कुणा शास्त्रज्ञाला विचार." मी दोन प्राध्यापकांना भेटले. दोघंही भले. एक म्हणाले, "माझा विषय नाही." दुसरे दार लावून म्हणाले, "ताई, आमचा प्रकल्प तिकडच्याच पैशावर आहे. मी काय बोलू?"

बीआरएनएस या मंडळामार्फत विद्यापीठांना जो पैसा येतो तो अणुऊर्जा विभागाचा. ज्याची खिचडी खायची त्याच्या डाळीत खडे आहेत का, हे कोण सांगणार? अणुसुरक्षेवर देखरेख करणाऱ्या नियामक मंडळाचीही तीच गत होती, कॅगने २०१२ च्या अहवालात त्याला पुरेशी कायदेशीर स्वायत्तता नाही म्हणून ताशेरे ओढले होते. विद्यापीठांना पैसे द्या, माझा विरोध नाही. पण खात्याच्या तिजोरीतून दिलेत तर तिथे तज्ज्ञ वाढतील, उत्तर देणारा माणूस वाढणार नाही.

अणुशक्तीनगर_ते_कोथरूड

ताई, हे थोडं एकांगी होतंय. बीआरएनएसच्या पैशातून शेतीची, कर्करोगाची, पाण्याची कामं झाली आहेत. टॅग-२४ भुईमूग तुमच्या-आमच्या शेतकऱ्यांनी पेरला, तो ट्रॉम्बेच्या किरणांतून आलेला. लासलगावला कांदा विकिरणाचं केंद्र आहे. कुणी कुणाचं तोंड दाबलं नाही. मी कितीतरी समित्यांवर बसलो आहे.

माडबनची_माहेरवाशीण

काका, भुईमूग चांगलाच आहे. पण तुमच्या समितीपुढे गरम पाणी आणि मासळी हा प्रस्ताव किती वेळा आला, आणि त्यात मच्छीमार किती होते?

अणुशक्तीनगर_ते_कोथरूड

पर्यावरणाचे प्रस्ताव येत असत, कैगा आणि कल्पाक्कमच्या पाण्यावर कामंही झाली. मच्छीमार समितीवर नव्हते. हे मान्य.

पाषाण_युगातला

मग मार्ग असा की विद्यापीठांचा पैसा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानमधून यावा. २०२३ च्या कायद्याने ते झालं, पाच वर्षांत ५०,००० कोटी म्हणतात. खात्याचा हात नाही, प्रस्ताव बाहेरचे लोक तपासणार.

थीसिस_चालू_आहे

सर, त्या ५० हजारांतले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यायचे होते. कंपन्या, देणग्या. अणुविज्ञानात मासळीच्या प्रश्नाला देणगी देणारी कंपनी मला दाखवा, मी तिच्या दारात ग्लोव्हजचे अकरा खोके घेऊन उभी राहते.

गणेशखिंडकर (धागाकर्ता)

माहेरवाशीण ताईंचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मी 'हिस्सा काढून ठेवा' म्हणालो तेव्हा तो कुणी वाटायचा हे लिहिलंच नाही. अमेरिकेतही तो ऊर्जा विभागच वाटतो. फरक इतकाच की तिथे नियामक वेगळा आणि विद्यापीठातला माणूस खात्याच्या पैशाशिवाय दुसरीकडेही हात पसरू शकतो. आपल्याकडे दारं दोनच, आणि एकावर कुलूप.

हिस्सा मागणं मी सोडत नाही. पण यंत्रापेक्षा आधी माणसं मागायला हवी होती. एक कायम प्राध्यापक, एक तंत्रज्ञ, एक विकिरण सुरक्षा अधिकारी. हे तिघे पंधरा वर्षं जागेवर राहिले तर लहान यंत्रावरही पोरं तयार होतात. ट्रॉम्बेला तरी दुसरं काय केलं?

अणुशक्तीनगर_ते_कोथरूड

तंत्रज्ञाचं म्हणालात ते मात्र शंभर टक्के. अप्सरेवर आमचे एक फोरमन होते, दहावी शिकलेले. पंपाच्या आवाजावरून बेअरिंग सांगायचे. डॉक्टरेटवाले त्यांच्यापुढे उभे राहून ऐकायचे. असा माणूस कुठल्याही प्रकल्पाच्या हेडमध्ये बसत नाही.

बाकी माझं मत बदललेलं नाही. शाळा ट्रॉम्बेलाच राहावी, तिच्या शाखा वाढवा.

थीसिस_चालू_आहे

धागाकर्ते, आमच्याकडे दर गुरुवारी नायट्रोजनचा टँकर येतो. पंधरा-वीस लिटर जास्तीचा मागवता येईल, गाईडना विचारलंय, पैसे आपले आपण वाटून घेऊ. तुमच्या मित्राला देवार (द्रव नायट्रोजनचं थर्माससारखं भांडं) घेऊन पाठवा.

अणुशक्तीनगर_ते_कोथरूड

दुचाकीवर नको. आणि गाडीच्या काचा खाली ठेवायच्या, बंद गाडीत नायट्रोजन सांडला तर माणूस झोपतो तो उठत नाही. वीस लिटर पहिल्या खेपेला पुरणार नाही, गरम क्रायोस्टॅट (डिटेक्टर थंड ठेवणारं कवच) थंड करण्यातच बराच उडून जातो. आधी मी व्हॅक्यूम बघतो. सोमवारी मोकळा आहे.

गणेशखिंडकर (धागाकर्ता)

मित्राला फोन केला. खूष झाला, मग गप्प झाला. म्हणतो, नायट्रोजन आणा, पण पावती कुणाच्या नावावर करायची? स्टॉक रजिस्टरला विकत घेतलेल्या मालाचा रकाना आहे, प्रकल्पातून आलेल्या मालाचा आहे, असाच आलेल्या मालाचा नाही. मागच्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या ऑसिलोस्कोपवर ऑडिटमध्ये दोन पानी खुलासा लिहावा लागला होता.

अणुशक्तीनगर_ते_कोथरूड

नायट्रोजन आहे हो, आठ दिवसांत उडून जाईल. ऑडिट येईपर्यंत काय मोजणार? सोमवारी अकराला येतो म्हणावं. चादर तेवढी आधी काढून ठेवायला सांगा, मला धुळीचा त्रास आहे.